पाठवणीचं रडू

“आईचाबी वॉटरप्रूफच करायचा ना?” पार्लरवाल्या वंदनाने विचारलं. पायलच्या उजव्या गालावर नमुन्याचा मेकअप लावून झाला होता आणि डावा गाल तसाच होता, त्यामुळे बेबीनंदाला आपल्या मुलीच्या तोंडाकडे धड बघता येत नव्हतं. ती खुर्चीच्या पायाशी पडलेल्या केसांकडे बघत होती. “न्हाई, म्हणजे पाठवणीला आया रडतातच,” वंदना पुढे म्हणाली, “अन् मंग फोटोत काजळ हनुवटीपर्यंत येतं. नाव माझं खराब होतं.” पायल आरशातूनच म्हणाली, “मम्मीला साधा चालंल. मम्मी न्हाई रडत.” दोघी हसल्या. बेबीनंदाही हसली, कारण दोन माणसं हसली की तिसऱ्यानेही हसायचं असतं, हे तिला चांगलं पाठ होतं. गोष्ट तिथेच संपायची. पण घरी येताना मोंढ्याच्या वळणावर ट्रक आडवा आला, स्कूटी थांबली, आणि पायलने मान न वळवता, हेल्मेटच्या आतूनच विचारलं, “मम्मी, थोडं तरी रडशील ना गं? सगळे बघत असतात.” बेबीनंदा म्हणाली, “हो.” ट्रक गेला, स्कूटी निघाली. हे ‘हो’ तिचं नेहमीचंच होतं. दुकानदाराला, शेजारणीला, साहेबाला ती ते द्यायची आणि समोरचं माणूस एकदाचं गप्प व्हायचं. या वेळी पायल गप्प झाली, पण बेबीनंदाच्या डोक्यात मात्र ते ‘हो’ घरी पोचेपर्यंत वाजत राहिलं. लग्नाला बारा दिवस होते.

बेबीनंदा सत्तेचाळीस वर्षांची होती, आणि त्यातली बावीस वर्षं तिने जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण मोजण्यात घालवली होती. ओल्या कागदावर शंभर सरक्या ओळीने मांडायच्या, कागद गुंडाळायचा, ठरलेल्या उबेत ठेवायचा. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. कोंब सरळ की वाकडा, मूळ धड की तुटकं, एवढंच बघायचं. तिथे तिच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, म्हणजे हसण्याची, विचारपूस करण्याची, ‘अय्या किती छान साडी’ म्हणण्याची. बेबीताईंनी मोजलंय म्हटल्यावर साहेबसुद्धा दुसऱ्यांदा मोजायला लावत नसत. प्रयोगशाळेच्या बाहेर मात्र जग भलतंच होतं आणि त्या जगाच्या मोजण्या तिला कधी जमल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ती कागद उघडून बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आकडा चुकला. एकोणनव्वद म्हणावं तर नव्वद दिसत होते. पुन्हा मोजले तर अठ्ठ्याऐंशी. तिने पेन खाली ठेवलं. सगळे बघत असतात. काय बघत असतात? डोळ्यांतून पाणी येतं की नाही ते. आणि नाही आलं तर बाईच्या आत काहीच नाही, असं ठरतं.

हे काही आजचं नव्हतं. केदारखेड्यात, जिथे ती वाढली, तिथे रडणं ही बायकांची कामगिरी होती आणि त्यातही मानकरी होत्या. शेजारची द्वारकाबाई ही त्यातली सगळ्यात मोठी. तिचा नवरा गेला तेव्हा ती तीन दिवस रडली, आणि काय रडली! वरच्या आळीची माणसं खाली ऐकायला येत. बेबीनंदा तेव्हा चौदा वर्षांची होती. ती ओट्याच्या कडेला बसून ऐकत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी तिला ते सगळं पाठ झालं होतं: कुठे हेल काढायचा, कुठे श्वास घ्यायचा, कुठे छातीवर हात मारायचा, कोणत्या शब्दानंतर शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकायचं. ती टिंगल करत नव्हती. तिला प्रामाणिकपणे वाटत होतं की पाढ्यांसारखी ही गोष्ट सगळ्या मुली कधी ना कधी शिकतात आणि आपण जरा उशिरा शिकतोय. तरीसुद्धा स्वतःच्या लग्नात तिने घोळ घातलाच. अडीचला निघायचं असं सांगितलं होतं, म्हणून ती अडीचला जीपमध्ये खिडकीशी जाऊन बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, “चला, बराबर अडीच झाले.” बाहेर तिची आई उषाबाई, दोन मावश्या आणि सात चुलत बहिणी रडायला गळा काढून उभ्या होत्या. त्यांना रडायला नवरीच मिळाली नाही. “लेक न्हाई, दगड जन्माला घातला मी,” उषाबाई त्या दिवशी म्हणाली, आणि पुढे वीसेक वर्षं, जरा काही बिनसलं की म्हणत राहिली.

मग सासू वारली. ही सासू बेबीनंदाला मनापासून आवडायची, कारण ती कमी बोलायची आणि तिच्या भाकरीला रोज एकच चव असायची. या वेळी आपण चुकायचं नाही, असं बेबीनंदाने ठरवलं. बायका जमल्या, पहिली बाई गळ्यात पडली, अंगाला अंग लागताच बेबीनंदाच्या कातडीवर मुंग्या उठल्या, तरी तिने दात आवळले आणि द्वारकाबाईचं रडणं काढलं. पहिल्या हेलापासून, एक शब्द न गाळता: “धनी हो, माझ्या कपाळाचे धनी हो, मला भर उन्हात सोडून कुठं चालले हो, आता माझ्या दाराला कोण येईल हो…” आवाज सुरेख लागला होता. दुसऱ्या हेलापर्यंत सगळं घर चिडीचूप झालं. मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, “अगं बाई, धनी काहून म्हणून राह्यली? राजानंद जित्ता हाये की! ह्यो काय, दारात उभाय!” दारात तिचा नवरा राजानंद खरोखरच उभा होता, आईच्या मृत्यूने सुजलेल्या डोळ्यांनी, आणि बायको आपल्यालाच रडतेय हे ऐकत होता. मयताच्या घरात बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. बेबीनंदाला चूक कळली, पण थांबायचं कसं हे पाठांतरात नव्हतं, म्हणून ती शेवटच्या ओळीपर्यंत रडूनच थांबली. त्या संध्याकाळी राजानंद फक्त एवढंच म्हणाला, “बेबी, तू आता कुणासाठीच रडू नकोस.” भला माणूस. रागावला असता तर बरं झालं असतं.

आणि त्याच भल्या माणसाने मागच्या वर्षी तिचं कुलूप काढलं, तेही न कळता. राजानंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वर्गातली वेगळी मुलं कशी ओळखावीत, यावर त्यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि तिथे मिळालेला कागद तो चहा पिताना गंमत म्हणून वाचत होता. “हे बघ, ठरलेल्यात बदल झाला की मूल अस्वस्थ होतं. ठरावीक चवीचंच खातं. आवाज, वास, स्पर्श सहन होत नाही. बोललेल्याचा अगदी तसाच्या तसा अर्थ घेतं. अगं बेबी, हे तर तुझ्यावरच लिहिलंय!” तो हसत होता. पाचव्या मुद्द्याला त्याचं हसू कमी झालं. सातव्या मुद्द्याला त्याने चष्मा काढून पुसला. ‘इतरांचं पाहून, पाठ करून वागतं,’ असा नववा मुद्दा होता. तो त्याने वाचला आणि कागद खाली ठेवला. चहावर साय आली. पुढे संभाजीनगरच्या डॉक्टरांकडे दोन दिवस प्रश्न झाले, उषाबाईला केदारखेड्याला फोन लावून लहानपणचं विचारलं गेलं. “न्हाई हो डागतरसाहेब, बिलकुल शहाणी होती,” उषाबाई फोनवर ओरडून म्हणाली, “फकस्त कुणी हात लावला की कोंबडीवानी फडफड करायची.” मग अकरा पानांचा अहवाल आला. ऑटिझम. शेहेचाळिसाव्या वर्षी. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस खचतो. बेबीनंदाला आनंद झाला, इतका की बसस्टँडवर, भर गर्दीत, ती मोठ्याने म्हणाली, “म्हणजे मी वाईट न्हव्हते.” शेजारी केळी विकणाऱ्या बाईने तिच्याकडे पाहिलं. “मी वाईट न्हव्हते,” बेबीनंदाने तिलाही सांगितलं, आणि सहा केळी घेतली.

अहवाल मात्र कपाटात गेला. पायलला सांगायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, पण सांगायचं कसं हेही ठरलं नव्हतं, आणि तेवढ्यात मुलीचं लग्न जुळलं. असल्या कागदांनी सोयरिकीत विघ्न येतं असं राजानंदला वाटे, आणि बेबीनंदाने त्याला आपलं ते ‘हो’ देऊन टाकलं. आता तिला वाटलं, आपण बाकीचं काही देऊ शकलो नाही तर निदान रडणं तरी द्यावं. पोरीने मागितलंय. आयुष्यात तिने मागितलेलं तरी किती? तिसऱ्या दिवशी तिने न्हाणीघराची कडी लावली, नळ सोडला आणि सराव सुरू केला. या वेळी शब्द नीट निवडले होते, धनी वगैरे काही नव्हतं. “माझी लेक गं…” दोनदा झालं, तिसऱ्यांदा जरा बरं झालं, तोच दारावर धडाधड थाप पडली. “बेबी! पडलीस का?” “न्हाई.” “मग काय करून राह्यलीस?” “सराव.” मग राजानंद म्हणाला, “नळ तरी बंद कर, टाकी संपंल.” तिने नळ बंद केला. नळाच्या आवाजाशिवाय ते रडणं इतकं खोटं वाटलं की तिला स्वतःचीच शरम वाटली. ती ओल्या फरशीवर बसून राहिली.

शनिवारी ती समुपदेशक तृप्ती मॅडमकडे गेली. एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर मॅडमची एक खोली होती. वय तिशीच्या आसपास, मूळची कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याची मुलगी. पहिल्याच भेटीत तिने विचारलं होतं, “इथं कशाचा त्रास होतोय?” बेबीनंदा म्हणाली होती, “पंख्याचा.” मार्च महिना होता. मॅडमने उठून पंखा बंद केला आणि तासभर दोघी घामाने निथळत बोलत बसल्या. तेव्हापासून बेबीनंदा या पोरीला मानत होती. आज तिने बसता बसताच सांगितलं, “मला रडायला शिकवा. आठ दिवस राहिले.” “कुणासाठी रडायचं?” “पायलसाठी.” “तिला काय हवंय, बेबीताई? डोळ्यांतलं पाणी, की तुम्हाला तिच्याबद्दल काय वाटतं ते?” मॅडमने घाई केली नाही, ती खिडकीबाहेर बघत बसली. मग हळूच म्हणाली, “काही बियांना उगवायला वेळ लागतो ना, तसं काही माणसांचं…” “बाराव्या दिवशी न्हाई उगवलं तर आम्ही मेलेलं धरतो, मॅडम.” तृप्ती मॅडम हसायलाच लागली. “हे उदाहरण मी परत कुणाला देणार नाही. बरं, सरळ विचारते. खरं, आपोआप रडू शेवटी कधी आलं?” आणि बेबीनंदाला वाटलं की सांगायला काहीच नसेल, पण तोंड उघडल्यावर बसच बाहेर आली. जालना-भोकरदन बस, चौदा वर्षांपूर्वीची.

पायल अकरा वर्षांची झाली, नवोदयची परीक्षा पास झाली, आणि तिला होस्टेलला सोडायला दोघं गेले. गेटवर एकेक आई पोरीला कवटाळून रडत होती. बेबीनंदा वॉचमनला विचारत होती की पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली. हे विचारणं फार गरजेचं होतं. पाणी बदललं की पायलचा लगेच घसा धरायचा, आणि हे जगात एकट्या बेबीनंदालाच माहीत होतं. वॉचमनला तारीख सांगता येईना. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. वळून बघितलं तोवर पायल आत गेली होती. घरी येऊन तिने स्वयंपाक केला, दुसऱ्या दिवशी कामावर गेली, दहा दिवस सगळं व्यवस्थित चाललं. अकराव्या दिवशी ती एकटीच केदारखेड्याला निघाली. कंडक्टर तिला ओळखत होता. त्याने तिकीट फाडता फाडता सवयीने विचारलं, “एक फुल, एक हाफ ना ताई?” ती म्हणाली, “हाफ न्हाई.” एवढंच म्हणाली आणि तिच्या पोटातून असं काही वर आलं की तिला आधी वाटलं ओकारी येतेय. राजूर गेलं तरी थांबेना. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, “कोण गेलं गं बाई?” “माझी मुलगी नवोदयला गेली.” ती बाई फुकट हळहळल्यासारखी पुढे वळून बसली. बेबीनंदा केदारखेड्याला उतरली ती तोंड धुऊनच आईच्या घरी गेली, आणि हे तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असंच तिला वाटलं नव्हतं. “मॅडम,” ती आता म्हणाली आणि मधेच थांबली. तिचे हात मांडीवर जोरजोरात घासले जात होते आणि तिने ते थांबवले नाहीत, इथे थांबवायचे नसतात. “म्हणजे मला येतं रडायला. मला येतंय की! फक्त माझं टायमावर येत न्हाई.” तृप्ती मॅडमचे डोळे भरले होते. बेबीनंदाला ते दिसलं, पण तिला त्या क्षणी स्वतःचाच शोध इतका मोठा वाटत होता की तिने त्याकडे साफ दुर्लक्ष केलं. जिना उतरताना तिला मोठमोठ्याने हसावंसं वाटत होतं. चाळीस वर्षं लोकांनी तिच्या आत डोकावून सांगितलं होतं की आत काही नाही, आणि तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. किती मूर्खपणा!

घरी पायल रुखवताच्या खोक्यांवर बसून फोनवर बोलत होती. बेबीनंदाने कपाटातून अहवाल काढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि समोर उभी राहिली. राजानंदने लांबूनच डोळ्यांनी ‘नको’ म्हणून बघितलं. तिने त्याला ‘हो’ दिलं नाही. पायलने फोन ठेवला. अकराही पानं वाचली, मधे दोनदा मागे जाऊन वाचली. तिचा चेहरा लाल झाला. तो राग की दुःख हे बेबीनंदाला ओळखता येईना, म्हणून तिने विचारलं, “राग आला का?” “मग काय येणार?” पायल ओरडली. “वर्ष होत आलं मम्मी! अन् मला आता सांगून राह्यलीस? मी तिकडं जाऊन बसल्यावर पोस्टानं पाठवणार होतीस का?” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “नवोदयच्या गेटवर सगळ्यांच्या आया रडत होत्या. तू टाकीचं विचारत होतीस. मला पोरी म्हणायच्या, तुझी सावत्र आई आहे का? मी म्हणायचे, हो.” खोलीत पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज बेबीनंदाच्या कानात खिळ्यासारखा जात होता, तरी ती हलली नाही. “मी अकराव्या दिवशी रडले,” ती म्हणाली, “बसमधी. कंडक्टरनं हाफ तिकीट विचारलं तवा. राजूरच्या पुढं गेले तरी थांबत न्हव्हतं.” पायल म्हणाली, “मला काहून न्हाई सांगितलं?” “तुला सांगायचं असतं हे मला माहीत न्हव्हतं.” पायलने दोन्ही हात पुढे केले, मिठीसाठी, आणि मग काहीतरी आठवून तिने ते मधेच थांबवले. एक पान तिच्या हातातच होतं, सातवं, आवाज आणि स्पर्शाबद्दलचं. तिने उठून आधी पंखा बंद केला.

पण मुलीला कळलं म्हणून गावाला कळत नाही. लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात आठशे माणूस होतं. त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या साडीतली पायल बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्ती लावताना इतकी सुंदर दिसली की बेबीनंदाने तिथल्या तिथे स्वतःशीच तसं म्हणून टाकलं. तिने ब्लाउजचं टोचणारं लेबल कापलं होतं, कानांत कापसाचे बोळे घातले होते, आणि कुणी विचारलं की सरळ सांगत होती, “गलका सहन होत न्हाई मला.” तीन बायकांनी विचारलं. त्यातली एक म्हणाली, “मलाबी द्या की थोडा.” दुपारी चारला गाडी दाराशी लागली आणि बायकांचं कडं तयार झालं. पायल एकेकीच्या गळ्यात पडत पुढे सरकत होती. बेबीनंदा कड्याच्या शेवटी उभी होती आणि तिच्या आत काहीही हलत नव्हतं. दंडाला चिमटा बसला. उषाबाई, सत्तरीच्या पुढची, नाकातली नथ सावरत दातांतून म्हणाली, “रड की गं! सासरचे लोक बघून राह्यले. ह्या पोरीच्या तोंडाला काळं फासू नको.” आणि त्याच क्षणी बेबीनंदाच्या घशात द्वारकाबाईचं रडणं तयार होऊन उभं राहिलं. तेहतीस वर्षं झाली होती आणि एक श्वास विसरलेला नव्हता. धनीच्या जागी लेक घातलं की झालं, कुणाला कळणार होतं? सगळ्यांचं समाधान झालं असतं, फोटो चांगले आले असते, उषाबाई पुन्हा कधी तिला दगड म्हणाली नसती. फक्त पायल, जी आता समोर येऊन थांबली होती आणि जिचा वॉटरप्रूफ मेकअपसुद्धा हार मानत होता, तिला कळलं असतं. तिला कळलं असतं की आई तिच्याशी खोटं बोलतेय. बेबीनंदाने घशातलं ते दुसऱ्याचं रडणं गिळलं. गिळताना दुखलं. मग ती, कानांत कापूस असल्यामुळे, जरा जास्तच मोठ्याने म्हणाली:

“पायल, मला आता रडू यायचं न्हाई. किती दिवसांनी येईल ते सांगता येत न्हाई. पण येईल. आलं की मी तुला फोन करते.”

कड्यातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीचा हेल अर्ध्यावरच थांबला. नवऱ्याकडच्या एका काकूंनी भुवया वर केल्या. उषाबाईने कपाळावर हात मारला. मागे राजानंद उभा होता, आणि तो काहीतरी सारवासारव करायला पुढे निघालाही होता, पण पायलनेच तोंड उघडलं. रडता रडता तिला हसू फुटलं होतं, नाक वाहत होतं. “माझी मम्मी नंतर रडते,” तिने त्या काकूंना सांगितलं, जसं एखादीने माझी मम्मी शिक्षिका आहे म्हणून सांगावं तसं. मग बेबीनंदाकडे वळून म्हणाली, “बराबर कर फोन. मीटिंगमधे असले तरी कर.” तिने आईला मिठी मारली नाही. आईचा हात घेतला आणि घट्ट दाबला, बेबीनंदाला हळू धरलेलं सहन होत नाही, घट्ट धरलेलं चालतं, हे कुठल्या पानावर होतं कोण जाणे. बेबीनंदाने तितक्याच जोराने दाबलं. गाडी गेली. “काय बाई जमाना,” कुणीतरी म्हणालं. बेबीनंदा पाठमोरी चालू लागली, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आठशे माणसांतून जाताना तिने आपला चेहरा तपासला नाही.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. पायल परभणीहून रोज फोन करायची, ती बँकेत कामाला होती, आणि शेवटी विचारायची, “आलं का?” “न्हाई.” “बरं, घाई न्हाई.” दुसऱ्या आठवड्यात राजानंदही विचारायला लागला. सतराव्या दिवशी, मंगळवारी, अकरा चाळीसला, बेबीनंदा एका साध्या लॉटचे कागद उघडून बसली होती. पाऊस नव्हता, सण नव्हता, कुणी काही बोललं नव्हतं. तिच्या शेजारी नवीन लागलेला अप्पाराव तक्ता भरत होता आणि पेन्सिल दातांत धरून गुणगुणत होता. चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, शहात्तर, आणि पोटातून ते वर आलं. या वेळी ती त्याला ओळखत होती. तिने उजव्या हातातला चिमटा शांतपणे ट्रेमध्ये ठेवला, उठली, फोन घेतला आणि म्हणाली, “अप्पाराव, कागद झाका. शहात्तर झालेत. मी रडून येते.” अप्पारावच्या तोंडातली पेन्सिल खाली पडली.

ती प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. ऊन होतं. फोन दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. मागे बँकेतली गर्दी, शिक्क्यांचे आवाज, कुणीतरी ‘मॅडम, माझं पासबुक’ म्हणत होतं. “पायल, आलं,” बेबीनंदा म्हणाली. तिचा आवाज आधीच फाटला होता. “थांब मम्मी, ठेवू नको, मी बाहेर येते,” पायल म्हणाली. खुर्ची सरकली, एक दार उघडलं, लागलं, आणि गर्दी एकदम लांब गेली. “हां. आता रड. मी हाय.” आणि बेबीनंदा रडली. त्यात द्वारकाबाईचा एक शब्द नव्हता, हेल नव्हता, छातीवर हात नव्हता. “टाकी,” ती म्हणत होती, “तुझ्या तिथली टाकी कधी धुतली गं,” आणि पलीकडून पायलही रडत रडत सांगत होती, “धुतली मम्मी, मागच्या रविवारी धुतली, मी उभी राहून धुऊन घेतली.” वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडली, मग दुसरी. हिशेब विभागातल्या पोरी डोकावल्या, साहेब डोकावले, गेटवरचा वॉचमन धावत आला आणि थोड्या अंतरावर थबकला. बेबीनंदाने त्या सगळ्यांना बघितलं. तिने आवाज कमी केला नाही.